मोहनराव पडले तरी

माजलगावात मोंढ्याजवळ, खताच्या दुकानावरच्या खोलीत यशोधरा घरांचे नकाशे काढते. आपण आळशी आहोत हे ती स्वतःच सांगते. एकदा आखलेली गोष्ट परत आखायची म्हटलं की तिच्या जिवावर येतं. बीडला एका इंजिनिअरकडे नोकरीला होती तेव्हा रोज तोच जिना नव्यानं काढायचा, आणि साहेबाला त्यात मेहनत दिसायची. यशोधरेला त्यात येडेपणा दिसायचा. तिनं गुपचूप एक बरा जिना निवडला, कॉम्प्युटरमध्ये वेगळा साठवून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक घरात तोच नेऊन बसवला. दिवसभराचं काम चहाच्या आत उरकायला लागलं. उरलेला वेळ ती गंभीर चेहरा करून माऊस हलवत बसायची.

स्वतःचं ऑफिस थाटल्यावर तर तिनं साठाच केला. स्वयंपाकाचा ओटा, खिडकीवरचा छज्जा, बाथरूम. नवं काम आलं की पेटीतून काढल्यासारखं एकेक काढायचं, भिंतींशी जुळवायचं, वरचं मालकाचं नाव बदलायचं. तिचा नवरा अनिल बांधकामावर देखरेख करायचा. तो म्हणायचा, "लोकाला वाटतं माझी बायको घर काढती. तू तर गोधडी शिवती."

"गोधडीत ऊब असती," ती म्हणायची.

मोहनराव हे तिचे जुने गिऱ्हाईक. उसाचे मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले आणि देहानं भरभक्कम. एका सकाळी ते बाथरूममध्ये घसरून पडले. दार आत उघडणारं, आणि दाराला टेकून खुद्द मोहनराव. बाहेरून ढकलावं तर ते हलेनात, आतून त्यांना उठता येईना. शेवटी सुतार बोलावून दार फोडावं लागलं. पायाला मुका मार बसला, अब्रूला त्याहून जास्त.

त्यांच्या पत्नी छबुबाईंनी यशोधरेला बोलावलं. "पोरी, असं कायतरी कर की ह्ये परत पडले तरी दार उघडलं पाहिजे."

पलंगावरून मोहनराव गुरकावले, "आन ही गोष्ट घराबाहेर गेली न्हाई पाहिजे."

"न्हाई जाणार, आबा," यशोधरा म्हणाली.

तिनं बाथरूम नव्यानं आखलं. दार रुंद आणि बाहेर उघडणारं. खाली उंबरा नाही. कमोडशेजारी भिंतीत धरायला स्टीलची दांडी. गवंड्यानं सवयीनं दार आत उघडणारं बसवू नये म्हणून बाजूला तिनं छबुबाईंचेच शब्द टाकले : 'मोहनराव पडले तरी दार उघडले पाहिजे.' बाथरूम झकास झालं, म्हणून तेही साठ्यात गेलं. शेजारची ओळ त्याच्याबरोबर गेली.

पुढं विठ्ठलरावांच्या नव्या बंगल्याचं काम तिच्याकडे आलं. कारखान्याच्या निवडणुकीत विठ्ठलराव आणि मोहनराव समोरासमोर उभे होते आणि कित्येक वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. विठ्ठलरावांच्या म्हाताऱ्या आईला खाली सोयीचं बाथरूम हवं होतं. यशोधरेनं साठ्यातलं काढून डकवलं, मालकाचं नाव बदललं आणि प्रिंट पाठवून दिली.

प्रचार रंगात आला असताना विठ्ठलराव एकटेच जिना चढून आले. त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं, टेबलावर प्रिंट पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये कुणी लिहायला सांगितलं?"

यशोधरेनं वाचलं आणि तिचे कान तापले. खरं सांगावं तर मोहनरावांना दिलेला शब्द मोडतो, आणि खोटं काही वेळेवर सुचेना.

"घरातून सांगितलं होतं, साहेब."

"कुणाच्या? त्यांच्या?"

"हो. छबुबाईंनी."

विठ्ठलराव खुर्चीत टेकले. निवडणुकीच्या दिवसांत 'पडणं' या शब्दाला एकच अर्थ असतो. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे त्यांना कळून चुकलंय. निकाल काय बी लागो, पुढं वैर नको, दार उघडं ठेवा म्हणतेत. फोन केला असता तर गावभर झालं असतं. नकाशात कोण बघतंय? लई हुशार बाई."

यशोधरेला हसू आवरेना. पेन्सिल पडल्याचं निमित्त करून ती टेबलाखाली वाकली. तोंड सरळ झाल्यावर वर येऊन तिनं विचारलं, "मग दार कसं ठेवायचं, साहेब?"

"उघडंच. लिहिलंय तसं."

घरी हे ऐकून अनिलचा घास हातातच राहिला. "खरं सांगितलं कावून न्हाई?"

"काय सांगू? आबा बाथरूममधी पडलते म्हणून?"

मोहनराव निवडणुकीत पडले, चांगलेच पडले. बाहेर फटाके वाजत असताना विठ्ठलराव गळ्यातले हार काढून त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "आमचं दार उघडं हाय." मोहनरावांना काही उमगलं नाही. पण हरलेल्याच्या दारात जिंकलेला आल्यावर प्रश्न विचारत नाहीत, एवढं राजकारण त्यांना येत होतं. त्यांनी चहा मागवला. मग जाणं-येणं सुरू झालं.

बंगल्याच्या वास्तुशांतीला विठ्ठलरावांनी त्यांना शेजारी बसवून जेवू घातलं. जेवणानंतर मोहनराव बाथरूमला गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. मांडवात त्यांनी यशोधरेला बाजूला घेतलं.

"ही न्हाणी माझी हाय."

"हो, आबा."

"दांडी बी तीच."

"हो."

"मग ह्याला समदं कळलं का?"

यशोधरेनं मान खाली घालून झालं ते सगळं सांगितलं. मोहनराव पंगतीकडे बघत ऐकत होते. आधी त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"म्हंजे मी पडलो म्हणून आमचं जमलं."

"दोन्हीदा," यशोधरा म्हणाली.

"त्याला सांगू नको."

"न्हाई सांगत."

दुसऱ्या दिवशी तिनं साठ्यातली ती ओळ पुसली आणि 'दार बाहेर उघडावे' एवढंच लिहिलं. पण मधल्या काळात ते बाथरूम आणखी कुठंकुठं गेलं होतं. गेवराईच्या काही घरांत, कडा गावातल्या एका घरात. कडा गावचा ठेकेदार रामेश्वर याचा फोन आला.

"म्याडम, दार बाहेर काढलंय. पन ह्ये मोहनराव येनार कदी? घरमालक विचारायलाय."

"आले तर पाव्हणे म्हणून येतील," यशोधरा म्हणाली. "तुमी दांडी तेवढी घट्ट बसवा."