आखाजीच्या कळ्या आणि एक पावली

चैत्र वद्य दशमी, दुपार. रक्कम एक पावली, म्हणजे चार आणे, विसार म्हणून. हजर माणसं तीन : घरातले कर्ते म्हणून आमचे काका, शेलूबाजारचा एक फूलवाला आणि मी. मी वावरातून आलो तेव्हा पावली काकांच्या मुठीत गेलेली होती, म्हणून मला अर्धाच साक्षीदार समजावं. दुसरी लढाई लागायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. राग मात्र अजून ताजा आहे, आणि तो थंड करून लिहायचा माझा विचार नाही.

"कशाचा विसार?" मी विचारलं.

"मोगऱ्याचा," काका म्हणाले. "आखाजीले शेलूबाजारात लगन हाये. त्या दिवशीच्या साऱ्या कळ्या ह्याले देल्या. सवा रुपया."

"घरात पुसलं काय?"

"घरची वस्तू. कोनाले पुसू, मोगऱ्याले?" काका हसले. फूलवालाही हसला, पण माझ्या तोंडाकडे पाहून लगेच थांबला.

मोगरा कोणाचा होता ते सांगतो. स्वयंपाकघराच्या मागे न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे आठ झुडपं. ती माझ्या आईने लावली. आई गेल्यावर माझ्या बायकोने सांभाळली. हिवाळ्यात पाणी तोडून पानं ओरबाडायची, शिवरात्रीला मुळं उघडी करून शेणखत घालायचं, होळीनंतर पाणी सोडायचं. पाणी सोडायचं म्हणणं सोपं आहे. आमच्या विहिरीला चैत्रात गुडघाभर पाणी राही आणि पोहरा खडकावर आपटे. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, अंघोळीचं, असं पाणी ती घमेल्यात साठवून झुडपांना घालायची. काकांनी त्या आळ्यात कधी एक तांब्या ओतला असेल तर मी हा कागद फाडून टाकतो.

त्या आठ झुडपांवर आमचा सगळा उन्हाळा चाले. सायंकाळी माठात चार कळ्या टाकल्या की रात्री पाण्याला वास. चुलीच्या निखाऱ्यात कैऱ्या भाजून त्यांचं पन्हं, बाजेवर वाळत घातलेले सरगुंडे, जे काडीवर वळून वाळवतात आणि पुढे आमरसाबरोबर खातात, आणि अंगणात पाणी शिंपडल्यावर मातीच्या वासात मिसळलेला मोगरा. पैसा लागत नाही असं सुख आमच्याकडे एवढंच होतं, आणि काकांनी त्याचीच किंमत लावली.

त्यातही दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सकाळी पितरांची घागर भरायची आणि सायंकाळी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू. आईची रीत अशी की आलेल्या प्रत्येक बाईला वाटली डाळ, पन्हं आणि घरच्या मोगऱ्याचा गजरा मिळालाच पाहिजे. मग ती पाटलीण असो की भाजी विकणारी. आई गेल्यानंतरची ही पहिली गौर. गजरे नसले तर गल्ली काय म्हणेल ते बायकोला पाठ होतं : सासू गेली, सुनेची मूठ मिटली.

चुलतसासऱ्यांसमोर, म्हणजे काकांसमोर, ती बोलत नसे. पण दाराआडून भांड्यांशी बोलायला कोणाची बंदी नव्हती. फूलवाला गेल्यावर आतून आवाज आला, "पाटाबाई, डाळ वाटू का नोको, तूच सांग. का डाळीचाबी विसार घेतला कोनं?"

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी म्हटलं, "काका, पावली द्या. मी आत्ता शेलूबाजारला जाऊन परत करून येतो."

"शब्द गेला तर नाक गेलं."

"अन् गौरीले देल्ला शब्द?"

"तो बायकांचा."

पावली त्यांनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा तंबाखू आला. मी कर्त्या माणसावर हात उगारणारा नव्हे आणि पुतण्या म्हणून पायरी ओळखून होतो. पण ते आठ दिवस माझ्या मनात हिशेब चालूच होता. ज्याने विहिरीचा दोर कधी ओढला नाही त्याने फुलांचा भाव करावा! आणि सवा रुपयात! मालाची किंमत तरी विचारायची होती. रिसोडच्या बाजारात तेवढ्या कळ्यांचे दोन रुपये आले असते. नीट विकता येत नाही तो माणूस कर्ता!

द्वितीयेच्या सायंकाळी बायकोने हातपाय धुतले, हळदीकुंकवाची कुयरी घेतली आणि परसात गेली. आठही झुडपांच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, आळ्यात अक्षता टाकल्या. ही आमच्या घरची जुनी रीत. गौरीची फुलं ज्या झाडाची, त्याला आदल्या दिवशी आवतन द्यायचं. आवतन दिलेल्या झाडाची फुलं गौरीला मिळेपर्यंत दुसऱ्या कोणासाठी तोडत नाहीत. काका ओसरीवर बसून हे सगळं पाहत होते. त्यांची स्वतःची आई हेच करायची. तरी म्हणाले, "झाडाले आवतन! आता झाडाले जेवाले वाढा."

ती थांबली नाही. सातवं झुडूप, आठवं झुडूप.

आखाजीला ऊन कलायच्या सुमारास फूलवाला आला. डोक्यावर टोपली, टोपलीत ओलं फडकं. कळी उमलायच्या आधी तोडायची म्हणून उन्हातच चालत आलेला. परसात गेला, पहिल्या झुडपाला हात घालायला वाकला आणि तसाच मागे सरला.

"मालक, हे काय होय? इथं तं अक्षता पडल्या."

"तोड, तोड," काका म्हणाले. "झाड कायले बोलते?"

"झाड नाई बोलत. माय बोलन. देवीले सांगून ठेवलेली फुलं मले विकली तुमी? माह्या घरी लेकरंबाळं हायेत, बावा. मी हात लावत नाई."

"मंग जाय."

"कसा जाऊ? लगनाच्या घरी काय सांगू? विसार मोडला तं दुप्पट वापस, हा बाजाराचा कायदा. पावलीची अधेली द्या."

"तूच तोडून नाई राह्यला. मी कायले देऊ?"

फूलवाला माझ्याकडे पाहू लागला. त्याचं खरं होतं. त्याला आता उन्हातान्हात दुसरा मोगरा शोधायचा होता, आणि मिळेलच याचा भरवसा नव्हता. दाराआडून पन्ह्याचा गडू बाहेर आला. तो त्याने उभ्यानेच रिकामा केला, पण जागचा हलला नाही.

काका बाजेवर आडवे झाले आणि धोतराचा सोगा तोंडावर घेतला. म्हणजे विषय संपला.

तिथे माझी पायरी सुटली. घरच्या पेटीतून मी सहज आठ आणे देऊ शकत होतो. पण मग चूक त्यांची आणि दंड मोगऱ्याला पाणी घालणारीच्या संसाराला! मी उठलो, खुंटीवरची काकांची चंची काढली, पान-तंबाखू बाजूला सारून तळचा कप्पा उघडला.

काका ताडकन उठून बसले. "माह्या चंचीले हात? मले न पुसता?"

"घरचीच वस्तू," मी म्हटलं. "कोनाले पुसू, तंबाखूले?"

आत पाटा-वरवंट्याचा आवाज थांबला, मग जोरात सुरू झाला.

काका मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. त्यानंतर पावसाळा येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही नाही. मला पश्चात्ताप झाला असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. त्या सायंकाळी आमच्या घरी एकतीस बायका आल्या आणि एकतीस गजरे गेले. एक पाटलिणीने जाताना मागून नेला, तो धरला तर बत्तीस.

फूलवाल्याला दिली ती अधेली, आठ आणे पुरते, काकांच्या चंचीतून, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्याने ती दगडावर वाजवून पाहिली, कनवटीला खोचली आणि टोपली रिकामीच डोक्यावर घेऊन वाटेला लागला.