क्लाराला हवी होती मेलेली म्हैस

फील्डवर्क करायला आलेले लोक प्रबंध घेऊन परत जातात. प्रबंधात न बसणारे किस्से आमच्याकडे राहतात आणि चहाबरोबर वाढत जातात. यंदाचा साठा एकट्या क्लाराचा!

क्लारा जर्मनीची. मेलेल्या गुरांवर गिधाडं अजून उतरतात का, हा तिचा विषय. पावसाआधी एकदा तरी उतरताना दिसली नाहीत, तर प्रबंध बुडाला. मी तिचा स्थानिक मार्गदर्शक, म्हणजे ड्रायव्हर, दुभाषी आणि शिव्या खाणारा.

*

पहिल्याच सकाळी खांब गावाजवळच्या वाडीत हरीभाऊ त्यांच्या चंद्री म्हशीला धूत होते. क्लाराने हात जोडून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काका, म्हैस मेली की मला सांगा हं!"

उच्चार अगदी स्वच्छ होता, तिथेच घात झाला. काकू धावत बाहेर आल्या. "सकाळच्या पारी काय बोलतेस गो!"

त्यांनी लगेच मीठ-मिरच्यांनी चंद्रीची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, तर ठसकासुद्धा आला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त होती! काकूंनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही चहा न घेताच निघालो.

*

मग कासूहून फोन. "बैल गेला, लवकर या!"

गाडी पळवत पोचलो. शेतात ताजी माती आणि वर झेंडूची फुलं.

"बैल कुठाय?"

"पुरला की! बाय परदेशातून येनार, तिला वास नको यायला."

*

पेणच्या माझ्या मूर्तिकार मित्राला दया आली. खोटं गिधाड बघून खरी उतरतील, म्हणून त्याने एक झकास गिधाड बनवून दिलं. फक्त डोळे सवयीने रेखले. माळावर ठेवलं, तर नजर इतकी प्रेमळ, की कावळे निवांत त्याच्या डोक्यावर बसायचे!

*

क्लारा परतायच्या आठवड्यात हरीभाऊंचाच निरोप आला. चंद्रीने मान टाकली होती.

"तुजं काम तरी होऊ दे," ते क्लाराला म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. आणि खरंच, वर दोन गिधाडं घिरट्या घालत होती!

क्लाराने कॅमेरा लावला. चंद्रीने तिच्याकडे बघितलं. क्लाराने कॅमेरा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "डॉक्टर आण."

दुपारभर ती सलाईनची बाटली धरून उभी होती. उन्हं उतरताना चंद्री उठली, गवताला तोंड लावलं. मला फार बरं वाटलं आणि प्रबंधाचं तितकंच वाईट. काकूंनी मीठ-मिरच्या आणल्या आणि या वेळी समोर क्लाराला बसवलं.

हरीभाऊ रिकाम्या आभाळाकडे बघत होते.

"पन बाय," ते काळजीने म्हणाले, "आता गिधाडांनी काय खायाचं?"