अण्णांच्या डोक्याभोवती बर्फ

माझे वडील परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, लिलावाची हर्राशी पुकारायचे. कापसाच्या गाडीवर चढून ते भाव बोलू लागले की आवाज पार स्टेशनापर्यंत जातो, असं लोक म्हणत. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या आवाजाची आम्हाला थोडी लाजच वाटे. जेवताना साधं मीठ मागितलं तरी शेजारची सून दचकायची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते तेव्हा, तो आवाज बसला.

बसला म्हणजे बसलाच. आईनं निदान करून टाकलं: थंड लागलं. मग माठाचं पाणी बंद, दही बंद, उसाचा रस बंद. ऐन वैशाखात गळ्याला मफलर. येणारा-जाणारा एक-एक उपाय सांगून जाई. फुकटचा सल्ला देताना आमच्याकडं कुणी हात आखडता घेत नाही. अण्णा मुकाट्यानं हळदीचं गरम दूध पीत आणि मोंढ्यात जाऊन दुसऱ्याची पुकार ऐकत बसत. वर्ष असं गेलं. त्या वर्षाचा मला अजून राग येतो.

छातीत दुखायला लागलं तेव्हा औरंगाबादला फोटो काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला काहीच झालेलं नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे आणि आवाजाच्या नसेवर दाबते आहे. फुटली तर माणूस हातचा जाईल. फुगलेला भाग कापून तिथं कापडाची नळी बसवायची. पण तेवढा वेळ मेंदूचं रक्त थांबवावं लागतं, आणि त्यात लकवा होण्याची भीती. ती कमी करायला सगळं अंग थंड करायचं, डोक्याभोवती बर्फ ठेवायचा. गार मेंदू रक्तावाचून जरा जास्त तग धरतो.

आई उठूनच उभी राहिली. “वर्षभर मी ह्यांना माठातलं पाणी पिऊ दिलं न्हाई, आन् तुम्ही बर्फात घालून राह्यले?”

डॉक्टर हसले नाहीत. “धोका कमी होतो बाई, जात नाही,” एवढंच म्हणाले.

अण्णा खरखरत्या आवाजात आईला म्हणाले, “करू दे त्यांना. लकवा होऊन पडण्यापरीस बर्फ बरा. मला पुन्हा गाडीवर चढायचंय.”

ऑपरेशनच्या दिवशी आई बाहेरच्या बाकड्यावर स्वेटर मांडीवर घेऊन बसली. अण्णांना आणलं की लगेच घालायचा, असा तिचा बेत. मला तिची चीडही येत होती आणि तिच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटत होतं.

अण्णा वाचले. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरांनी हात उचलायला सांगितले, दोन्ही उचलले. पाय हलवले. आमचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी आईकडं बोट केलं. “ह्या कोण? नाव सांगा बरं.”

अण्णा गप्प. पुन्हा विचारलं तरी गप्प. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि मला मात्र हसू फुटलं. आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेतो का कधी? आईनं लाजून पदर सावरला. “ते कसं घेतील नाव, डॉक्टरसाहेब? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.” इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर चांगलंच. पण कधीकधी रक्तवाहिनीच्या आतला एखादा कण सुटून मेंदूत जातो, त्यापुढं बर्फाचं काही चालत नाही. थोडे दिवस बघू. शहरातल्या माणसाला आमच्या रीती काय कळणार, असं मी मनात म्हटलं.

ते गेल्यावर आई खाटेजवळ सरकली आणि अण्णांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपायला वाकली. अण्णांनी अवघडून मान बाजूला केली. मग नजर खाली ठेवून, तुटक-तुटक पण अदबीनं विचारलं, “बाई, तुमचं माणूस कोणत्या खाटंवर हाय?”

पदर तिच्या हातातच राहिला. मी बोलायला पुढं झाले, तर तिनं मला मागं सारलं.

“ह्याच खाटंवर हाय,” आई म्हणाली.