भिंतीवरचं व्हिएतनाम

माझ्या प्रवासाचे फोटो छापून देणारा कुडाळचा स्टुडिओवाला स्वतः गोव्यापलीकडे गेलेला नाही. तरी माझ्या व्हिएतनामच्या फोटोंच्या जास्तीच्या प्रती भिंतीवर लावून तो गिऱ्हाइकांना त्यामागच्या गोष्टी सांगत असतो. मी खरं काय ते सांगू लागलो की चष्मा कपाळावर ढकलून मला थांबवतो.

"रवांदे. गोष्ट बिघडता."

परवा त्या फोटोंमध्ये त्याने जवळच्याच वालावलच्या खाडीचा स्वतः काढलेला एक फोटो खुपसला. नेमका वालावलचाच एक होडीवाला त्यापुढे थबकला.

"असा पाणी आमच्याकडे खंय?" तो हळहळला. "आणि होडीत उभो आसा, तो कोण?"

फोटोत पाठमोरा उभा होता तो हाच.

"थंयचो मोठो माणूस," स्टुडिओवाला गंभीरपणे म्हणाला. "कोणाक तोंड दाखवणा नाय."