पाहुण्यांची गाडी उन्हात

मे महिन्यात वऱ्हाडात निघालेल्या माणसाला पुण्यात लोक एकतर वेडं समजतात, नाहीतर त्याच्या घरात लग्न आहे असं धरून चालतात. आमच्याकडे लग्न नव्हतं. शेजारच्या काकूंनी "उन्हानं करपून याल गं" म्हणत कैऱ्यांची पिशवी हातात दिली. ती घेऊन मी आणि माझा नवरा विलास भल्या पहाटे निघालो, तेही चाकांवरच्या घरात.

ही गाडी भाड्याची. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, आणि टपावर बोल्टने पक्की बसवलेली, इंटरनेट देणारी उपग्रहाची तबकडी. परवान्याचे कागद गाडीवाल्यानं फाईल करून दिले होते आणि दोनदा बजावलं होतं, "मॅडम, हिला बाकी काही नको, फक्त उघडं आभाळ लागतं." मी ऑनलाइन गणित शिकवते. डोंगरात बसून, मागे झरा वाहतोय आणि मी वर्गसमीकरणं सोडवतेय, हे माझं फार जुनं स्वप्न. पण झऱ्याऐवजी आम्ही निघालो शेंदूरजनाघाटला, कारण नलूताईचा फोन आला होता.

नलूताई म्हणजे विलासची आतेबहीण. तिची आणि हमीदभाईंची भागीदारीत संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंभेरीचं, म्हणजे एका जंगली लिंबाचं, रोप वाढवायचं, त्यावर चांगल्या झाडाचा डोळा बांधायचा, तो फुटून कलम तयार झालं की विकायचं. हमीदभाईंच्या घराण्यात हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. पण अलीकडे त्या भागात बागा लावण्यापेक्षा तोडणारेच जास्त. बोअरचं पाणी खोल गेलं, फळ गळायला लागलं, लोकांचा धीर सुटला. मागच्या पावसाळ्यात कलमांना कोणी विचारलं नाही. आता मराठवाड्यातल्या एका शेतकरी गटानं विचारलं होतं, पण गटप्रमुख भानुदासरावांना पूर्वी कोणीतरी कलम म्हणून नुसती जंगली जंभेरी विकली होती. त्यामुळे त्यांची अट अशी, की मी सांगेन त्या वाफ्यातलं सांगेन ते रोप माझ्यासमोर उपटून दाखवा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना येता येत नव्हतं, तेव्हा हे सगळं व्हिडिओ कॉलवर. आणि नलूताईची नर्सरी सातपुड्याच्या पायथ्याशी अशा खोलगटात, की तिथे फोन फक्त वेळ बघायला उपयोगी.

"मंजू, हे गिऱ्हाईक गेलं तं या वाफ्यायवर नांगर फिरवा लागते मले," ती फोनवर म्हणाली. "उंच गेलेली कलमं कोनी फुकटात नेत नाही."

"ताई, काळजी करू नको. तुझं इंटरनेट मी आभाळातून आणते," मी म्हटलं. अशी वाक्यं बोलायला मला फार आवडतं.

रस्त्याचं म्हणाल तर समृद्धी महामार्ग सरळ आणि कंटाळवाणा. अशी जड गाडी घेऊन जाणार असाल तर टायरची हवा आधी तपासा, उन्हात सिमेंटचा रस्ता टायरला भाजून काढतो. डिझेल आणि टोल धरून गाडीत राहणं हॉटेलपेक्षा काही स्वस्त पडत नाही, तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कोणी जाऊ नका. शेलूबाजारला आम्ही खाली उतरलो आणि अकोल्याचा रस्ता धरला. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा होता.

अकोल्यात विलासचे मोठे भाऊ प्रकाशभाऊजी राहतात. त्यांच्या दारात केवढा तरी कडुनिंब आहे. आम्ही पोहोचायच्या आत त्यांनी स्वतःची कार त्याच्याखालून काढून रस्त्यावर उन्हात लावली होती आणि हात करकरून आमची गाडी निंबाखाली घ्यायला लावली. जेवण झकास. आमरस, कुरडया, सांभारवडी. (सांभार म्हणजे तिकडे कोथिंबीर, मी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा डाळीच्या सांबाराची वाट बघत बसले होते.) जेवून मी तास घ्यायला गाडीत बसले आणि पडदा गोठला. निंबाची पानं आणि उपग्रह यांचं जमत नाही. मी विलासला हाक मारली आणि गाडी मागे घेऊन भर उन्हात उभी करवली.

प्रकाशभाऊजी धावतच बाहेर आले. "कावून? सावलीत काय झालं तुमाले?"

"भाऊजी, तबकडीला आभाळ दिसायला हवं."

"अवो, पन पाव्हण्याची गाडी उनात आन् आमची निंबाखाली? लोक काय म्हनतीन?"

"मग तुमचीपण उन्हातच राहू द्या," विलास म्हणाला. त्यांनी खरंच तसंच केलं. दुपारभर निंबाची सावली रिकामी पडली होती आणि दोन गाड्या रस्त्यावर भाजत होत्या. माझा तास मात्र विनाअडथळा झाला.

अकोला ते अमरावती रस्ता मस्त आहे, मूर्तिजापूर कधी गेलं कळत नाही. अमरावतीत शिरलात की सगळीकडे क्लासेसचे फलक, त्यांवर हसरी गुणवंत मुलं, आणि त्यांच्याखाली रिक्षांची दाटी. एवढी गाडी गल्लीत घालू नका. बाहेर मैदानाशी लावा आणि रिक्षा करून गिला वडा खायला जा. भिजलेला मऊ वडा, वर दही, वर तिखट चटणी. विलासनं दोन प्लेट खाल्ल्या आणि तिसरीकडे माझ्या देखत बघितलं. आम्ही परतलो तर गाडीभोवती कॉलेजच्या पोरींचा घोळका. एकीनं विचारलं, "काकू, याच्यात संडास हाय का जी?" मी आहे म्हटल्यावर तिनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. "पाय, मी म्हनलं होतं ना!" पैज लागली असावी.

रात्र अमरावतीत काढली आणि सकाळी लवकर नांदगाव पेठची कारखान्यांची धुरांडी मागे टाकून मोर्शीच्या रस्त्याला लागलो आणि मग संत्र्याचा मुलूख सुरू झाला. सुरू झाला म्हणायचं, पण कडेला बागांइतकेच सरपणाचे ढीग दिसत होते. संत्र्याची झाडं, बुंध्यापासून तोडलेली. एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टपावरच्या तबकडीकडे बराच वेळ पाहिलं.

"कोन्या चॅनलची गाडी हाय?"

"चॅनल नाही काका, फिरायला निघालोय."

"फिराले?" त्यांचा विश्वास बसला नाही. "या बाजूले असी गाडी दोनच वेळा येते. मतं मांगाले, नाहीतं कोनाच्या घरी कोनी गेल्यावर. म्हनून इचारलं, कोनाच्या घरी चालले."

मग मी म्हटलं, "शेंदूरजनाघाटला. संत्र्याची कलमं विकायला चाललोय."

"इकतात अजून?" ते म्हणाले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले. मला तो चहा गोड लागला नाही. आभाळातून इंटरनेट आणते, असं फोनवर सहज बोलून बसले होते, त्याची पहिल्यांदाच जरा भीती वाटली.

नर्सरीत पोहोचलो तेव्हा हमीदभाई वाटच बघत होते. पांढरी दाढी, डोक्याला ओला रुमाल. वाफ्यांच्या शेवटी एक आंबा होता आणि त्याच्याखाली उभा असलेला ट्रॅक्टर त्यांनी आमच्यासाठी आधीच उन्हात काढून ठेवला होता.

"ताई, गाडी आंब्याखाली घ्या."

"हमीदभाई, उन्हातच ठेवते. वाफ्यांच्या कडेला, मोकळ्यावर."

"मेहमान की गाडी धूप में? तौबा! नलूबाई, सांगा ना यायले."

नलूताईनं हात जोडले. "मी सांगून थकली. त्याइच्या मशिनीले आभाळ लागते म्हने."

हमीदभाई दिवसभर आमच्या गाडीकडे असं बघत होते, जसं आम्ही तान्हं मूल उन्हात ठेवलंय. दुपारच्या जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे खाऊन माणसाला झोपच यायला हवी. नलूताई मात्र एकही रोडगा नीट जेवली नाही. भानुदासराव सकाळी बोलणार होते, त्यांनी दुपारची वेळ कळवली होती.

उन्हाचा नुसता जाळ होता. मी गाडीत बसून तबकडीचं ॲप बघत होते, त्यात इशारा आला. "तापलीय फार," मी खिडकीतून विलासला ओरडून सांगितलं, "बंद नाही पडली म्हणजे मिळवलं." मग फोन लागला. भानुदासराव खाटेवर पाय लांब करून बसलेले दिसले. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. माझी छाती फुगली. नलूताई फोन धरून वाफ्यांतून चालायला लागली.

"बाई, तिसरा वाफा. कडेचं नको, मधलं. अजून आत. हां, ते. उपटा."

विलासनं कुदळ घातली आणि चित्र गोठलं. भानुदासराव तोंड उघडून थांबले. मग तेही गेले.

नलूताई माझ्याकडे बघत राहिली. उघड्या जमिनीवर तिच्या हातात रिकामा फोन. "मंजू, गेला ना तो माणूस?" एवढंच म्हणाली. मी धावत गाडीमागे गेले, शिडीवर चढले, आणि बघते तर तबकडीवर ओलं गोणपाट. चांगलं निथळतं, दुहेरी घडी घातलेलं. शिडीच्या पायथ्याशी बादली घेऊन हमीदभाई उभे.

"तुमीच म्हनल्या ना ताई, तापली म्हनून."

माझा संताप अगदी ओठांपर्यंत आला होता. पण मग माझं लक्ष आजूबाजूला गेलं. सकाळपासून मी बघत होते. कलमाच्या डोळ्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात. उपटलेल्या रोपाची मुळी ओल्या गोणपाटात. पाण्याचा माठ, विलासची पाण्याची बाटली, सगळं ओल्या गोणपाटात. या नर्सरीत उन्हात उघडं काही दिसलं की हमीदभाईंचा हात बादलीकडे जातो. 

"हमीदभाई, हिच्या डोळ्यावर नको. आजूबाजूला टपावर पसरा."

त्यांनी टपभर गोणपाट पसरलं, मध्ये तबकडी उघडी ठेवली, आणि वर बादलीभर पाणी ओतलं. तबकडी पुन्हा आभाळ शोधायला लागली. ती सावकाश शोधते, हे तुम्ही कधी घेतलीत तर लक्षात ठेवा. नलूताई वाफ्यात मटकन बसली होती आणि विलास कुदळ हातात घेऊन तसाच उभा होता.

फोन लागला तेव्हा भानुदासरावांचा चेहरा बदललेला होता.

"ताई, उपटा म्हटलं अन् बंद पडलं. मला हे खेळ माहीत आहेत."

मी नलूताईच्या हातून फोन घेतला आणि सरळ गाडीच्या टपाकडे धरला. वर हमीदभाई अजून पाणी शिंपत होते.

"हे आमचे हमीदभाई. मशीन तापलं म्हणून त्यांनी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं. म्हणून बंद पडलं."

"मशीनवर? गोणपाट?"

"हो. ओलं."

मग भानुदासराव हसायला लागले, इतके की गुडघा दुखून "आई गं" म्हणाले. "अहो, जो माणूस लोखंडाला वाळू देत नाही, तो रोपाची मुळी काय वाळू देईल!" मग गंभीर होऊन म्हणाले, "तरीपण उपटा."

उपटलं. हमीदभाईंनी खाली उतरून मुळी स्वतः धुतली आणि फोनसमोर धरली. सरळ, गाठ नसलेली. डोळा बांधलेल्या जागेची रेघ त्यांनी नखानं दाखवली. भानुदासरावांनी आणखी चार वाफ्यांतली रोपं उपटायला लावली, प्रत्येक वेळी नेमकी जागा सांगून. आणि मग म्हणाले, "दिली जबान. पावसाच्या तोंडाला गाडी पाठवतो."

नलूताईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "हा शेवटचा वाफाबी पाहून घ्या जी." तो आंब्याजवळचा. मागच्या वर्षीची न गेलेली कलमं, माणसाच्या छातीएवढी. भानुदासरावांनी पाहिलं. "नाही ताई. ही उंच गेली. ही नको."

"बराबर हाय," हमीदभाई म्हणाले. ते डोळे त्यांनी स्वतः बांधले होते. त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला आणि खिशात टाकलं. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही.

परतीचा प्रवास त्याच रस्त्यानं. टपरीवरचे काका दिसले नाहीत, नाहीतर मी गाडी थांबवून त्यांना चहा पाजला असता.

कोणी विचारलं तर सांगेन, की वऱ्हाडात अशी गाडी जरूर घेऊन जा. मे टाळा. सावली कोणी देऊ केली तर आधी पोटभर आभार माना आणि मग गाडी हलवा. तबकडी चालते, हे मी छातीठोकपणे सांगते. झऱ्याकाठचा तास अजून झालेला नाही, आणि त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही.

गाडी परत करताना टपावर एक गोणपाट सापडलं. गाडीवाल्यानं ते कुठून आलं विचारलं. मी उत्तर न देता घरी आणलं.

पावसाळा लागल्यावर नलूताईचा फोन आला, शेंदूरजनाच्या बाजारातून, तिथे रेंज येते. कलमं गेली होती. भानुदासरावांनी लावूनही टाकली होती.

"आणि शेवटचा वाफा?" मी विचारलं.

"हमीदभाईनं खनून काढला. सपाट केला. आंब्याच्या फांद्याबी तोडल्या तितल्या. मी म्हनलं, काय लावता आता इथं? तं म्हनते, काही लावत नाही. ताई आल्या तं त्याइच्या गाडीले उनात चांगली जागा पाह्यजे."