गिळलेला कफ

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील संघटनेचं काम करायचे. वाटून उरलेले गठ्ठे माळ्यावर पडायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. शत्रू कोण, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असायचं. आईच्या छातीतला शत्रू मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला.

आम्ही भाईंदरजवळच्या डोंगरीचे. आई मासे विकायची. तरुणपणी तिला टीबी झाला होता. तो बरा झाला, पण फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या सैल होऊन बसल्या. त्यांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू राहतात. सुरुवातीला गोळ्यांचा एक कोर्स झाला की ती उठून बाजारात जाऊन बसायची. मग त्याच गोळ्या जास्त दिवस घ्याव्या लागायला लागल्या. या हिवाळ्यात त्या लागूच पडेनात. खाटेपासून दारापर्यंत गेली तरी कपाटाला धरून उभी राहायची.

छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षीचे जंतू आता तिथे नसतील. गोळ्यांनी मरण्यासारखे होते ते मेले. उरलेत ते वेगळे. कोणते ते कळल्याशिवाय मी अंदाजाने औषध देणार नाही. सकाळचा कफ तपासायला द्या."

डबी घेऊन मी बसने भाईंदरच्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने ती उजेडात धरली. "ताई, ये तो थूक है. बलगम चाहिए, छाती से." दुसऱ्या डबीचंही तेच झालं. आत पाण्यासारखी स्वच्छ लाळ.

घरी येऊन मी भडकले. "आई, श्वास घेता येत नाहीये तुला, आणि तू नुसती थुंकून देतेस?"

"येत न्हाय तर काय करू?"

"दिवसभर खोकतेयस. मग जातो कुठे तो कफ?"

ती म्हणाली, "गिलते मी."

टीबीच्या वेळी घरात तिचा पेला वेगळा ठेवला होता. ती खोकली की शेजारणी नाकाला पदर लावायच्या. तेव्हापासून तिने खोकला तोंडातच अडवायची आणि वर आलेलं परत गिळायची सवय लावून घेतली होती. कोपरापर्यंत हात घालून मासे साफ करणारी ही बाई स्वतःच्या छातीतलं काही कुणाला दिसू देत नव्हती.

"त्या पोराच्या हातात ती घान कशी देऊ?"

"त्याचं कामच आहे ते. माशांची घाण बघून तुझी गिऱ्हाइकं पळाली का कधी?"

"माशाला टीबी होत न्हाय, पोरी."

त्या पेल्यावर, त्या पदरांवर माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. पण कुणाच्या नावाने करणार? त्यांतल्या निम्म्या बायका आता नाहीत. आणि मी फार दमले होते. नुसती तिच्या बाजूला बसून राहिले.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनमधून खाऱ्या पाण्याची वाफ द्यायला सांगितली. सकाळी वाफ दिली, बराच वेळ पाठ थोपटली. "आता तू भायेर जा," ती म्हणाली. मी दार ओढून घेतलं. आतून तिचा खोकला ऐकू येत राहिला, मोठा, मोकळा. असा मी कधी ऐकलाच नव्हता. डबी तिने रुमालात गुंडाळून दिली. आत हिरवट, घट्ट कफ होता. "हां, ये बराबर है," लॅबमधला मुलगा म्हणाला आणि वरचं लेबल लिहायला लागला.

रिपोर्टमध्ये सुडोमोनास निघाला. हा जंतू स्वतःभोवती चिकट थर करून सावकाश राहतो, आईच्या गोळ्यांना दाद देत नाही. शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागणार होती.

"मग जाईल?" आईच्या शेजारी बसून मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"पूर्ण नाही. दबून राहील. पुढे हाही बदलेल, म्हणून कफ अधूनमधून तपासत राहायचं. आणि मावशी, गिळायचं नाही."

इंजेक्शनं झाली. आई आता नळापर्यंत चालते. बाजारापर्यंत अजून नाही. रोज सकाळी मी तिची पाठ थोपटते आणि ती तोंड भिंतीकडे करून भांड्यात कफ टाकते.

"बगू नको," म्हणते.

मी बघते. रंग बघावाच लागतो; हिरवट झाला की परत लॅब. आज पिवळसर आहे.