फुलाला छत्री

“जरा बघून येते.”

जानकीबाईच्या तोंडी दिवसभर हेच. चहा अर्धा राहायचा, भाकरीचा तुकडा हातात राहायचा आणि बाई उठलेली असायची. वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. वाचणारा पान उलटतो न उलटतो तोच वरच्या पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला, की मागच्या रांगेतून जानकीबाई पदर खोचत उठायची. “जरा बघून येते.” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बघून यायचं काय, तर परसातला भोपळा.

कर्जतहून कडावला जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. माथेरानचा डोंगर एकदा ढगात शिरला की आठ-आठ दिवस दिसत नाही. एवढ्या पावसात भात कुणीही पिकवील. परसातली वेलभाजी जगवायची तर अंगात काहीतरी वेगळं लागतं, आणि ते जानकीबाईच्या अंगात होतं.

उन्हाळ्यात झाडाभोवती आळं करतात, पाणी थांबावं म्हणून. मृगाच्या आधी ती सगळी आळी मोडायची आणि त्याच जागी मातीचे उंचवटे घालायची, पाणी थांबू नये म्हणून. खाली फुटकी कौलं, वर शेणखत, त्यावर माती. बुंध्याशी चुलीतली राख. गोगलगाई ती हाताने वेचायची आणि मिठाच्या डब्यात टाकायची. पानावर पांढरी भुरी दिसली की ते पान देठापासून काढायची. हे सगळं भर पावसात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन. सर जरा जोरात आली की तिला घरात बसवत नसे. तिच्या दारातला पायांचा चिखल श्रावणात कधी वाळलेला मी पाहिला नाही.

नवरा माथेरानला हॉटेलात आचारी होता. तो गेल्याला सोळा वर्षं झाली. मूलबाळ नाही. भावाचा मुलगा प्रबुद्ध साजगावच्या कारखान्यात लागला, तेव्हा तो आणि त्याची बायको पौर्णिमा तिच्याकडेच राहायला आले.

भोपळ्याचं बी तिच्या सासूचं. चपटा, खोल फाकींचा, काळपट सालीचा भोपळा. शिजताना पाणी सोडत नाही आणि घारग्यांना गूळ निम्माच लागतो. सासूने जाण्याआधी बियांची पुरचुंडी थोरल्या सुनेच्या हातात दिली आणि धाकटीलाही दे म्हणून सांगितलं. जानकीबाईने दिलं. धाकटी जाऊ उज्वला आणि दीर चंदर कडावला असतात, दोन म्हशी आहेत, दूध घालतात.

पण कडावला जानकीबाईने बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. चंदरच्या नातवाचं नाव ठेवायच्या दिवशी तिने पाळण्यातलं बाळ उचलायला हात पुढे केले, आणि उज्वला सगळ्यांदेखत म्हणाली, “ऱ्हाऊ दे आक्का. वांझ हात नको पयल्यांदा.” जानकीबाईने हात मागे घेतले. चपला घातल्या आणि निघाली. पुढे चंदर दोनदा बोलवायला आला. तिने त्याला चहा दिला, वाढलं, आणि तसंच परत पाठवलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाच्या खाली लहान गोटी असते, तिचाच पुढे भोपळा होतो. दुसरं लांब देठाचं, खाली काही नाही. त्याला आमच्याकडे वांझ फूल म्हणतात. फळ धरत नाही म्हणून वांझ. सगळे म्हणतात, मीही म्हणत आलो. जानकीबाई तेवढी म्हणायची नाही. तिच्या परसात कुणी तो शब्द काढला की ती खुरपं खाली ठेवायची. “वांझ कुनाला म्हनतोस रं? दादला हाय तो. त्याच्यावाचून ती गोटी सडून पडंल.”

यंदाच्या पावसाने तिला फार नाचवलं. पहिलं बी मातीतच कुजलं. उरलंसुरलं सगळं बी तिने दुसऱ्यांदा लावलं. सात रोपं आली, त्यातली सहा बुंध्याशी सडली. एक वेल राहिला. मग वीस दिवस उघडीप नाही. मधमाश्या बाहेर पडेनात, उघडलेल्या फुलात पाणी भरायचं, आणि चार गोट्या पिवळ्या पडून गळाल्या. भाद्रपदात पाचवी आली. जानकीबाईने शेंड्यापर्यंत वेल चाचपला. पुढे एकही गोटी नव्हती, घरात एकही बी नव्हतं. ही धरली तर सासूचा भोपळा राहणार, नाही तर संपला.

तिने आपली छत्री बांबूला बांधली आणि त्या कळीवर उभी केली. स्वतः भिजत उभी राहिली. कुंपणापलीकडून शेजारचा नागू ओरडला, “जानकीबाय, फुलाला रेनकोट पन शिव की!”

“तुज्या मापाचा मिळंल का बघते, फूल तुज्यापरास शानं हाय,” ती म्हणाली.

कळी उद्या सकाळी उघडणार, हे तिने देठ बघून ओळखलं. शेजारी दादल्याच्याही चार कळ्या फुगल्या होत्या. बास झालं. सकाळी दादल्याचं एक फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचा पराग हाताने त्या फुलात टेकवायचा. भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि नऊ-साडेनऊला मिटायला लागतं. परत उघडत नाही.

सकाळी उजाडताच ती परसात गेली. छत्रीखाली पिवळंजर्द फूल उघडलं होतं. ती चार फुलांकडे वळली, तर नुसते देठ. आणि घरातून बेसन तळल्याचा वास येत होता.

पौर्णिमा कढईसमोर होती. “बसा आत्या, गरम हायेत. तुमाला आवडतात म्हनून काल सांजच्याला कळ्या काढून ठिवल्या.”

“सगळ्या?”

“वांझच होत्या की. गोटीवालीला हात नाय लावला. माजी आय म्हनायची, वांझ फुलं वेलाचा जोर खातात, काढून टाकायची.”

जानकीबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. पौर्णिमाला तिचा चेहरा दिसला आणि झारा हातातच राहिला. “काय चुकलं का आत्या?”

“तुजं नाय गं. त्या नावाचं चुकलं.”

मग काय घडलंय ते कळल्यावर पौर्णिमाच घाबरी झाली. “नागूकाकांच्यात हायब्रीड भोपळा हाय, त्याचं फूल आणू?”

“फळ धरंल. पन बी फिरंल. पुढच्या साली नागूचाच भोपळा उगवंल माज्या परसात.”

“मंग ह्या बियाचं दुसरं कुनाकडं हाय?”

जानकीबाईने स्टीलचा एक डबा घेतला, डोक्यावर कागद ओढला. पौर्णिमाला कडावचं सगळं ठाऊक होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. घड्याळात सात वाजून गेले होते.

टमटम लवकर मिळेना. मिळाली ती प्रत्येक फाट्यावर थांबत गेली. जानकीबाई काठावर बसून दर मिनिटाला ड्रायव्हरच्या पुढचं घड्याळ बघत होती. “आजी, टेका जरा,” तो म्हणाला. ती टेकली नाही.

कडावला चंदरच्या घरात उज्वला एकटीच होती. चंदर डेअरीवर गेला होता. उज्वला आता जाड झाली होती, गुडघ्यावर हात ठेवून उठली.

“आक्का? बारा वर्सांनी वाट गावली?”

“बसायला नाय आले. सासूबायचा भोपळा हाय का तुज्यात?”

“हाय की. गोठ्यामागं. पन नुस्ता पाला. यंदा गोटी म्हनून धरली नाय. गळून गळून गेल्या. बी पन सगळं पेरून बसले मी.” ती थांबली. “तुज्यात धरलाय?”

“एक फूल उघडलंय. दादला नाय.”

“काय नाय?”

जानकीबाईने गोठ्यामागच्या वेलाकडे बोट केलं. लांब देठांवर पाच-सहा पिवळी फुलं पावसात मान टाकून होती. उज्वलाने बघितलं आणि सवयीने बोलून गेली, “ती व्हय, वांझ—”

शब्द अर्धाच राहिला. उज्वला मग चपला न घालता चिखलात उतरली. एकेक फूल वाकून बघितलं, पाणी भरलेली सोडली, पानाआड कोरडी राहिलेली तीन निवडली आणि देठ नखाने न खुडता गोठ्यातल्या विळ्याने कापून आणले.

“तीन ने. येक भिजलं तर दुसरं.”

जानकीबाईने डबा उघडला. उज्वलाने फुलं एकेक करून आत ठेवली.

“आक्का, त्या दिवशी मी...”

“नवाला फूल मिटतं, उज्वला.”

“चहा तरी. ठिवलेलाच हाय. दोन घोट.”

“नाय.” जानकीबाईने झाकण दाबून बसवलं आणि डबा पदराखाली घेतला. पायरीवरून मागे वळली. “धरलं तर बी दोगींना पुरंल.”

“आनी नाय धरलं तर?”

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. जानकीबाई अंगणातून उतरली आणि बांधाच्या वाटेने रस्त्याकडे चालू लागली, पाऊस तिरपा येत होता म्हणून डब्याच्या बाजूने वाकून. उज्वलाने घाईने कप भरून आणला होता, तो हातात तसाच राहिला. डेअरीवरून रिकाम्या किटल्या घेऊन चंदर वळणावर आला, समोरून वहिनी येताना बघून सायकलवरून उतरला आणि बांध अरुंद म्हणून सायकल घेऊन भाताच्या पाण्यात उभा राहिला. ती त्याच्याजवळून न थांबता गेली. दोघं, तो पाण्यातून आणि उज्वला दारातून, टमटमच्या फाट्यापर्यंत तिच्याकडे बघत राहिली.